हलणारा दात उपटण्याआधी

वरच्या जबड्यातले तीन-चार दात एकाच बाजूने हलू लागतात. त्यांना कीड नसते, मार लागलेला नसतो आणि महिन्यापूर्वीपर्यंत माणूस त्याच दातांनी भाकरी खात असतो. वय पन्नाशीच्या आसपास, शुगर आहे, गोळ्या कधी घेतल्या कधी राहिल्या. तो दातांच्या दवाखान्यात जातो. पाच दिवसांचं अँटिबायोटिक आणि वेदनाशामक मिळतं, दुखणं थोडं कमी होतं आणि आठवड्याने पुन्हा उसळतं. मग सगळ्यात जास्त हलणारा दात काढला जातो. दात सहज निघतो, फार रक्तही येत नाही आणि त्या खड्ड्यातली जखम भरायचं नाव घेत नाही. तीन आठवड्यांनी डोळ्याखाली सूज येते, गाल बधिर होतो, टाळूवर राखाडी डाग दिसतो आणि तेव्हा कुणीतरी सीटी स्कॅन सांगतं. निदान येतं म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला ‘काळी बुरशी’ म्हणतात तो बुरशीचा आजार. तोवर महिना निघून गेलेला असतो आणि त्या महिन्यात अर्धा वरचा जबडा मेलेला असतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात या आजाराचं नाव महाराष्ट्रात घराघरात पोहोचलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं. जुलैमध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते, आणि सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र व गुजरातमध्ये होते. मग करोना ओसरला, बातम्या थांबल्या आणि आजारही गेला अशी समजूत झाली. तो गेलेला नाही. करोनाच्या आधीही तो आपल्याकडे होता, कारण त्याचं मूळ करोनात नाही, अनियंत्रित मधुमेहात आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या आजाराची पहिली खूण बऱ्याचदा तोंडात दिसते, आणि म्हणून त्याच्याविरुद्धची पहिली चौकी दातांच्या खुर्चीपाशी हवी. त्या खुर्चीजवळ ग्लुकोमीटर, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची सोय आणि त्या दोघांना जोडणारी चिठ्ठी, एवढ्या व्यवस्थेने कित्येकांचा जबडा, डोळा आणि जीव वाचेल. यातलं काहीही महाग नाही. तरीही ते उभं राहत नाही, हे मला सहन होत नाही.

आधी दात का हलतात ते पाहू, कारण कारण कळलं की निदान अर्धं होतं. म्युकरवर्गातल्या बुरश्यांचे बीजाणू मातीत, कुजक्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असतात. ते आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि धडधाकट शरीर त्यांचा निकाल लावतं. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पण रक्तात साखर खूप वाढलेली असते तेव्हा पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात किटोन (साखर वापरता येत नसल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं) वाढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांना बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि लोह हे या बुरशीचं खाद्य. वरून स्टेरॉइड दिलेलं असेल तर साखर चढते आणि उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दबते. मग नाकाच्या आतल्या अस्तरावर रुजलेली बुरशी गालाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये शिरते. तिची खास खोड अशी की ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घुसते आणि तिथे गुठळी करते. वरच्या जबड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बंद पडतात, हाड उपाशी मरतं, आणि त्या मेलेल्या हाडात उभे असलेले निरोगी दात सैल होतात. आजार दातात नसतोच, दाताखालची जमीन गेलेली असते.

इथे दंतवैद्यकातली एक जुनी गोष्ट कामाला येते. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा तुलनेने बेताचा, त्यामुळे त्या हाडात पू होणं, हाड कुजणं आपण अधूनमधून पाहतो. वरचा जबडा मात्र रक्ताने भरलेला असतो, त्याचं हाड सहजासहजी मरत नाही. म्हणून वरच्या जबड्याचं हाड मेलेलं दिसलं की ‘इन्फेक्शन झालंय’ एवढ्यावर थांबायचं नाही. रक्त का पोहोचलं नाही, हा प्रश्न विचारायचा. किरणोपचार झालेत का? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडसारखं इंजेक्शन चालू होतं का? या दोन्हीचं उत्तर नाही असेल आणि शुगर वाढलेली असेल, तर बुरशीचा विचार पहिला करायचा, शेवटचा नाही.

खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या तोंडात नेमकं काय पाहायचं? दोन बोटांमध्ये एक दात धरून हलका हलवावा आणि नजर शेजारच्या दातांवर ठेवावी. हिरड्यांच्या जुन्या आजारात ज्याला धरलं तो दात हलतो. इथे एक धरला की शेजारचे दोन-तीन दात आणि त्यांच्यासकट हिरडीचा तुकडाच एकत्र डोलतो. मग थंड स्प्रेचा बोळा या न किडलेल्या दातांना लावून पाहावा. एकामागून एक दात काहीच जाणवत नाही म्हणत असतील, तर आतल्या नसेचं रक्त तुटलेलं आहे. हिरडीवर एकाऐवजी चार-पाच ठिकाणी बारीक छिद्रांतून पू येतो. डोळ्यांवर रुमाल ठेवायला सांगून दोन्ही गालांना, वरच्या ओठाला आणि नाकाच्या बाजूला कापसाचं टोक टेकवावं आणि दोन्हीकडे सारखं लागतं का ते विचारावं. एका बाजूचा बधिरपणा ही फार मोलाची खूण आहे, कारण दाताच्या साध्या दुखण्यात गाल बधिर होत नाही. नाक एकाच बाजूने चोंदतं का, रक्ताळ किंवा काळपट स्राव येतो का, हेही विचारावं. एवढं करायला तीन मिनिटं लागतात.

मधुमेह्यांचे दात हिरड्यांच्या आजारानेही हलतात, मग प्रत्येकाला घाबरवायचं का, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे, पण दोन्हींतला फरक ठळक आहे. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं सरकतो, दोन्ही बाजूंना आणि खालीवरही असतो, दातांवर कीटण दिसतं, हिरडीची खोबण मोजली तर खोल लागते. बुरशीत हे सारं काही आठवड्यांत होतं, बहुतेक वेळा एकाच बाजूला आणि वरच्याच जबड्यात. दुखणं जितकं आहे त्या मानाने दात स्वच्छ दिसतात. लक्षणं आणि कारण यांचा मेळ बसत नसेल, तर तो न बसणारा मेळ हेच लक्षण समजावं.

एक्स-रेवर विसंबणं ही पहिली चूक. हाडातला साधारण ३० ते ५० टक्के चुन्याचा भाग गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक दिसत नाही. म्हणजे संपूर्ण जबड्याचा ओपीजी ‘ठीक’ आला म्हणून निर्धास्त राहणं म्हणजे उशिरावर शिक्का मारणं. सायनसचा सीटी स्कॅन हवा. तोही सुरुवातीला फक्त अस्तर जाड झालेलं दाखवतो, जे साध्या सर्दीतही दिसतं. बुरशी डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकली का हे पाहायला एमआरआय लागतो. त्यात नाकातल्या ज्या भागाने रंगद्रव्य उचललं नाही तो काळा दिसतो, तिथे रक्त पोहोचत नाही असा त्याचा अर्थ.

दुसरी चूक अँटिबायोटिकने मिळालेल्या आरामाला भुलण्याची. मेलेल्या ऊतींवर जिवाणूही बसलेले असतात. औषधाने ते मरतात, पू कमी होतो, दुखणं दोन-चार दिवस हटतं. बुरशी मात्र जिथे होती तिथून पुढेच सरकत असते. माझ्या मते शुगर असलेल्या रुग्णाला वरच्या जबड्याच्या अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स तपासणीशिवाय लिहूच नये.

तिसरी चूक सर्वांत घातक आहे. दात काढल्यावर सूज येऊ नये म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन टोचण्याची सवय आपल्या व्यवसायात आहे. निरोगी तरुणाला अक्कलदाढ काढताना एक डोस दिला तर बिघडत नाही. पण ज्याची शुगर मोजलेलीच नाही, ज्याच्या जबड्यात बुरशी असू शकते, त्याला सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देणं म्हणजे आगीत तेल. करोनाकाळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच उपयोगी पडतं आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा होत नाही. आपल्याकडे घरी असलेल्या साध्या रुग्णांनाही ते दिलं गेलं, जास्त दिलं गेलं, जास्त दिवस दिलं गेलं, आणि शुगर कुणी मोजली नाही.

शुगरबद्दलही एक बारकावा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी चांगलीच आहे, पण स्टेरॉइडमुळे पंधरा दिवसांत चढलेली साखर तिच्यात पुरती उतरत नाही. आकडा बरा दिसतो आणि फसवतो. म्हणून खुर्चीपाशी ग्लुकोमीटरवर आत्ताची साखर पाहायला हवी. ती ३०० च्या वर असेल, रुग्ण धापा टाकत असेल, उलट्या होत असतील, तर लघवीत किटोन आहेत का ते पट्टीने लगेच पाहावं. किटोन सापडले तर तो रुग्ण दातांच्या दवाखान्याचा नाहीच, त्याला तडक रुग्णालयात पाठवायला हवं. दात काढण्याआधी प्रत्येक प्रौढाची साखर मोजणं हा नियम व्हावा असं मला ठामपणे वाटतं. एका पट्टीचा खर्च एक्स-रेच्या खर्चापुढे नगण्य आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या कित्येकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नाही, आणि ते अचानक डॉक्टरकडे जातात ते बऱ्याचदा दात दुखतो म्हणूनच.

आता मुख्य मुद्दा, सूक्ष्मदर्शकाचा. शंका आल्यावर ती पक्की करायला लागणारी पहिली चाचणी जगातल्या सगळ्यात स्वस्त चाचण्यांपैकी एक आहे. संशयित ऊतीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा स्लाइडवर ठेवायचा, त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे एक-दोन थेंब, वर पातळ काच. पंधरा-वीस मिनिटांत मांसाच्या पेशी विरघळतात, पण बुरशीची भिंत टिकून राहते. आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली आणि मग चाळीसच्या भिंगाखाली पाहायचं. म्युकरचे धागे रुंद असतात, फितीसारखे, कुठे दुमडलेले, कुठे पिळलेले. त्यांत आडवे पडदे जवळजवळ नसतात आणि फांद्या काटकोनाच्या आसपास फुटतात. याउलट ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, एकसारखे, जागोजागी पडदे असलेले आणि लघुकोनात फुटणारे. तोंडात पांढरा थर आणणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीत बारीक धाग्यांबरोबर कळ्या फुटलेले गोल दाणे दिसतात. हा फरक ओळखणं म्हणजे चैन नाही. ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, आणि कॅन्डिडासाठी सर्रास दिली जाणारी फ्लुकोनॅझोलची गोळीही चालत नाही. टाळूवरचा पांढरट थर पाहून ‘तोंड आलंय’ म्हणत फ्लुकोनॅझोल लिहिणं म्हणजे आणखी एक आठवडा गमावणं.

नमुना घेताना आणि पाठवताना जे घोळ होतात ते पाहिले की जीव तुटतो. कापसाच्या बोळ्याने वरवर पुसून घेतलेला नमुना पुरेसा नसतो, बुरशी खोल रक्तवाहिन्यांत असते, ऊतीचा तुकडाच लागतो. तो मेलेल्या आणि जिवंत भागाच्या सीमेवरून, थोडा खोलवर घ्यावा. तुकड्याचे दोन भाग करावेत. एक फॉर्मलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, मायक्रोबायोलॉजीसाठी. वारंवार असं होतं की सगळा नमुना सवयीने फॉर्मलिनच्या बाटलीत जातो, बुरशी तिथेच मरते आणि कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी उगवून पाहण्याचा, प्रश्न मिटतो. सलाइनमधला नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, थंडीत या बुरश्यांची वाढ होण्याची शक्यता घटते. प्रयोगशाळेत तो खलबत्त्यात वाटायचाही नाही. धाग्यांत पडदे नसल्याने एक जागी तुटला तरी आतला सगळा रस वाहून जातो आणि मग कल्चरवर काहीच उगवत नाही. ब्लेडने बारीक चिरायचा. इतकं नीट करूनही कल्चर निम्म्याच्या आसपास रुग्णांतच उगवतं. म्हणून कल्चर कोरं आलं म्हणजे बुरशी नाही असं म्हणता येत नाही. रक्ताच्या ज्या बुरशीच्या चाचण्या हल्ली मोठ्या लॅब देतात, बीटा-डी-ग्लुकॅन आणि गॅलॅक्टोमॅनन, त्या म्युकर पकडतच नाहीत. त्या निगेटिव्ह आल्या म्हणून नातेवाइकांना दिलासा देणं चूक आहे.

ही स्लाइडची चाचणी तालुक्याला का होऊ नये? क्षयरोग कार्यक्रमात थुंकी तपासायला साधारण एक लाख लोकसंख्येमागे, आदिवासी आणि डोंगराळ भागात ५० हजारांमागे, एक सूक्ष्मदर्शक केंद्र असावं असा निकष वर्षानुवर्षं आहे. म्हणजे सूक्ष्मदर्शक आहे, त्यावर बसणारा लॅब टेक्निशियन आहे. नायट्यासाठी त्वचारोग विभागात हीच पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी रोज होते. भर घालायची ती द्रावणाची एक बाटली, दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि भिंगातून दिसणारं चित्र मोबाइलवर टिपून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला त्याच दिवशी पाठवण्याची व्यवस्था, एवढीच. तालुक्याने अंतिम निदान करावं असं मी म्हणत नाही. तालुक्याने ‘रुंद, पडदे नसलेले धागे दिसतात’ एवढं एक वाक्य लिहून रुग्णाला पुढे पाठवावं. त्या वाक्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार त्याच संध्याकाळी सुरू होऊ शकतात.

दिवसांचा हिशोब किती निर्दय आहे हे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. निदानानंतर अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू करायला सहा किंवा अधिक दिवस लागले, तर बारा आठवड्यांतला मृत्यूदर सुमारे ४९ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेला. मधुमेह्यांच्या जबड्यातला आजार त्या मानाने सावकाश चालतो हे खरं, पण दिशा तीच आहे. जबड्यातून डोळ्याकडे, डोळ्यातून मेंदूकडे.

‘दुर्मीळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप सरकारी बैठकांत हमखास येतो. भारतातलं या आजाराचं प्रमाण करोनाच्या आधीच एका गणिती अंदाजात लाख लोकसंख्येमागे सुमारे १४ असं मांडलं गेलं होतं, जगाच्या सरासरीच्या जवळपास ७० पट. हा अंदाज निम्म्याने चुकला असं धरलं, तरी ३० लाखांच्या जिल्ह्यात दोनशेच्या वर रुग्ण होतात. जिल्ह्याला दोनशे हा आकडा दुर्मीळ म्हणावा का? आणि ग्लुकोमीटर, स्लाइड, चिठ्ठी ही तयारी केवळ म्युकरसाठी नाही. तीच खुर्ची न भरणाऱ्या जखमेतला कर्करोगही लवकर पकडेल, न कळलेला मधुमेहही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदाच बुरश्यांची प्राधान्ययादी काढली, तीत म्युकरवर्ग वरच्या गटांत आहे. करोना संपला म्हणून त्यांना तो गाळावासा वाटला नाही.

‘काळी बुरशी’ या नावाविषयीही थोडं बोलायला हवं. बुरशी काळी नसते. काळं पडतं ते रक्ताविना मेलेलं मांस. नावामुळे लोक, आणि काही डॉक्टरसुद्धा, काळं दिसण्याची वाट पाहतात. सुरुवातीला टाळू फिकट असते, कधी लालसर, कधी अगदी नेहमीसारखी. वर्तमानपत्रांनी पुढे पांढरी बुरशी, पिवळी बुरशी अशी नावं काढून गोंधळात भर घातली. लोकांना सांगायचंच असेल तर रंग सांगू नये. ‘शुगर आहे आणि वरचे दात एकदम हलायला लागले, गाल बधिर झाला, तर दोन दिवसांत तपासून घ्या’ असं सांगावं.

उपचारांवर पानंच्या पानं लिहिता येतील. इथे फक्त तिथल्या अडचणी सांगतो, कारण लवकर निदानाची किंमत त्यातूनच कळते. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम द्यायचं असतं. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या रोज. चार आठवडे चाललं तर १६८ कुप्या. २०२१ च्या मे-जूनमध्ये लोक एका कुपीसाठी जिल्हे पालथे घालत होते, उत्पादन वाढवायला वर्ध्यातसुद्धा हे इंजेक्शन बनवायला सुरुवात झाली आणि जीएसटी परिषदेला त्यावरचा कर शून्य करावा लागला, ते याच हिशोबामुळे. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, सलाइनमध्ये गाळ धरतं. नळी धुवायचीसुद्धा डेक्स्ट्रोजनेच. पण ५०० मिलिलिटर डेक्स्ट्रोज म्हणजे २५ ग्रॅम साखर, तेव्हा इन्सुलिनचा डोस त्याप्रमाणे बसवायला लागतो. मूत्रपिंडं सांभाळायला सलाइन आधी वेगळं द्यावं लागतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वारंवार तपासायचं, पोटॅशियम घसरलं तर हृदयाची लय बिघडते. पुढे पोसाकोनॅझोलच्या गोळ्या येतात, पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग रोज एकदा, काही आठवडे ते काही महिने. आणि इतकं सगळं करूनही औषध मेलेल्या हाडापर्यंत पोहोचत नाही, कारण तिथे जाणारी रक्तवाहिनीच बंद असते. म्हणून शस्त्रक्रिया टळत नाही. हाडातून ताजं रक्त झिरपू लागेपर्यंत सर्जनला कोरत जावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात आलेल्या रुग्णाचं हे कोरणं दोन दातांपाशी थांबू शकतं, सहाव्या आठवड्यात आलेल्याचं डोळ्याच्या खोबणीपर्यंत जातं.

खासगी दंतवैद्यांची एक अडचण मला मान्य आहे. गावातल्या एकट्या डॉक्टरने तुकडा काढायचा, रुग्ण बिघडला तर ‘तुम्हीच हात लावल्याने वाढलं’ म्हणून भांडण व्हायचं. ही भीती खरी आहे. म्हणून तुकडा त्यांनी काढावा अशी अपेक्षाच नको. त्यांनी दात मात्र काढू नये आणि चिठ्ठी नीट लिहावी. ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ अशी चिठ्ठी रुग्णाला रांगेत शेवटी उभं करते. चिठ्ठीत हवं ते असं: वरच्या उजव्या बाजूचे चार दात हाडासकट एकत्र हलतात, दात किडलेले नाहीत, थंड लावल्यावर प्रतिसाद नाही, उजवा गाल दहा दिवसांपासून बधिर, आत्ताची शुगर ३४०, दीड महिन्यापूर्वी स्टेरॉइड घेतलं होतं, बुरशीची दाट शंका, आजच नाकाची दुर्बिणीने तपासणी आणि सीटी व्हावा. अशी चिठ्ठी घेऊन येणारा माणूस त्याच दिवशी भरती व्हावा यासाठी जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाचा एक ठरलेला फोन असायला हवा. आणि नऊ चिठ्ठ्यांमागे एकच खरा रुग्ण निघाला तरी त्या दंतवैद्याला कुणी बोल लावू नये.

शेवटचा मुद्दा ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं तो, वाचल्यानंतरच्या आयुष्याचा. वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक यांच्यात भगदाड पडतं. पाणी प्यायलं की नाकातून येतं, वरण-भात सायनसमध्ये अडकतो, बोलणं इतकं गेंगाणं होतं की फोनवर घरच्यांनाही कळत नाही. लोक चारचौघांत जेवणं सोडतात. यावर उपाय आहे, ऑब्च्युरेटर, म्हणजे ते भोक बंद करणारी, वर फुग्यासारखा पोकळ उंचवटा असलेली कवळी. फुगा पोकळ ठेवतात तो वजन कमी व्हावं म्हणून, नाहीतर ती खाली निसटते. तिचं माप घेताना भगदाडात आधी दोरा बांधलेला, व्हॅसलिन लावलेला गॉज भरायचा असतो, नाहीतर मापाचा लगदा आत तुटून सायनसमध्ये राहतो. पहिली पट्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवायची, काही दिवसांनी तात्पुरती, आणि जखम आकसून स्थिरावल्यावर, म्हणजे तीन ते सहा महिन्यांनी, कायमची. तीसुद्धा पुढे पुन्हा बसवून घ्यावी लागते, कारण ऊती बदलत राहतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस घेतला गेला, पुढे योजनेचं संरक्षणही दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, हे मोठं काम झालं. पण योजना कुठलीही असो, तिने जबडा काढणं आणि ते भोक बुजवणं हा एकच उपचार मानावा, तीनही टप्प्यांसकट. ज्याला जेवता येत नाही त्याची शुगर ताब्यात राहत नाही, आणि शुगर सुटली की बुरशीला परतीची वाट मिळते.

त्यासाठी कवळी बनवणारा तज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतर नव्हे, आधी लागतो. टेबलावर बसवायची पट्टी आदल्या दिवशी घेतलेल्या मापावरच बनते. ते माप राहिलं तर रुग्ण भूल उतरल्यावर उघड्या भगदाडासह जागा होतो आणि नाकातल्या नळीवर आठवडे काढतो. कोणता दात ठेवता येईल हेही तेव्हाच सर्जनशी बोलून ठरवायला हवं. निरोगी हाडातला दुसऱ्या बाजूचा एक सुळा जरी उरला, तरी कवळीला धरायला जागा मिळते. एकही दात नसेल तर गालाच्या हाडात लांब इम्प्लांट ठोकण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि तो खर्च फार थोड्यांना झेपतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम जाणणारी माणसं आहेत. जबड्याची शस्त्रक्रिया जिथे ठरते त्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने तारीख नक्की करण्याआधी त्यांना एक फोन करायचा आहे, आणि रुग्णाच्या कागदांत मापाची नोंद असल्याशिवाय त्याला शस्त्रक्रियागृहात न्यायचं नाही.